चारशे सतरा नंबरची काच

आई आमच्याकडे राहायला आली आणि पंधरा दिवसांत ह्यांचे डोळे आले.

दोन येण्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. आईबरोबर एक ट्रंक, दोन चष्मे आणि एक बोका आला होता. बोक्याचं नाव मॅनेजर. दिवसभर खुर्चीत झोपायचा, वेळेवर खायचा आणि सगळं आपल्यामुळेच चाललंय असा चेहरा करून बसायचा, म्हणून वडिलांनी ते नाव ठेवलं होतं. वडील गेले, मॅनेजर राहिला. दादा फोनवर आईला म्हणाला, "तू ये, मांजराचं काय ते बघू." आईने त्याचा फोन ठेवला आणि मला लावला. मी म्हटलं, दोघंही या.

ह्यांनी जराही कुरकुर केली नाही. टॅक्सीतून ट्रंक स्वतः उचलून आणली, खिडकीच्या खोलीत ठेवली आणि म्हणाले, "आई, ही खोली आता तुमची." ती खोली तोवर ह्यांची होती. आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्यापासून हे तिथे दार लावून शब्दकोडी सोडवायचे. आता जेवणाच्या टेबलावर सोडवू लागले. आई शेजारी बसून मदत करायची. उभा शब्द आडवा सांगायची.

"काहीतरी खुपतंय गं," हे एका सकाळी म्हणाले. डोळे लालबुंद. दुपारपर्यंत जरा उतरले, दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले ते पुन्हा लाल. मग ते रोजचंच झालं. मॅनेजरचं नाव ह्यांनी एकदाही घेतलं नाही. मॅनेजर खोलीत आला की हे फक्त रुमाल काढायचे आणि आईला म्हणायचे, "असू द्या हो. त्या मुक्या जीवाचा काय दोष?" दोष नाही असं दिवसातून चार वेळा ऐकलं की दोष कुणाचा ते सगळ्यांना कळतं.

शेवटी आईच म्हणाली, "तपासून घ्या जावई. आपल्या घरातच तर तपासणारी आहे. मॅनेजरमुळे असेल तर मी त्याला घेऊन दादाकडे जाते. त्याला सोडून मी कुठे राहायची नाही, आणि तुम्हाला डोळे पुसायला लावून इथेही राहायची नाही."

"छे छे, आई, भलतंच काय!" हे म्हणाले.

"तपासून घ्या," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

म्हणजे आईचं आमच्या घरात राहणं एका काचेवर येऊन ठेपलं. आणि काच वाचणारी मी.

मी डोळ्यांच्या हॉस्पिटलात पेशी बघते. हे सांगितलं की लोक एकतर गप्प बसतात किंवा स्वतःचा डोळा पुढे करतात. लाल डोळा बाहेरून सगळ्यांचा सारखाच असतो. तो का लाल झाला ते आत कोण जमलंय त्यावर ठरतं. भुलीचा थेंब घालून, पापणी उलटून, चपट्या पात्याने आतून हलकेच खरवडायचं, जे येईल ते काचेवर पसरायचं, काच रंगात बुडवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. जंतू असतील तर एका जातीच्या पेशींची झुंबड उडालेली असते. विषाणू असेल तर दुसऱ्याच, गोल गरगरीत, शांत चेहऱ्याच्या पेशी येऊन बसलेल्या असतात. आणि ॲलर्जी असेल तर इओसिनोफिल. पोटात लालभडक दाणे भरलेले, म्हणून आमच्या खात्यात त्यांना डाळिंबवाले म्हणतात. निरोगी डोळ्यात डाळिंबवाला औषधालाही सापडत नाही. सापडला की समजायचं, डोळ्याला कशाचं तरी वावडं आहे. कशाचं, ते मात्र पेशी सांगत नाहीत. ते नाव माणसं घालतात.

आमच्या खात्याचा एक नियम आहे, आणि तो मीच घातलेला. काच वाचताना रोग्याचं नाव दिसता कामा नये. काचेच्या खरखरीत टोकावर पेन्सिलीने नाव आणि नंबर लिहितात. नावावर कागदी पट्टी चिकटवायची, वाचणाऱ्याला नुसता नंबर. कारण फार वर्षांपूर्वी एका काचेवर मोठ्या डॉक्टरांच्या सासूबाईंचं नाव होतं, आणि खात्यातल्या तिघांनाही त्या काचेवर काहीएक वाईट दिसलं नाही. सासूबाईंनाही पुढे महिनाभर त्या डोळ्याने काही दिसलं नाही. तेव्हापासून पट्टी.

नमुने घेणं, नंबर घालणं आणि पट्ट्या लावणं हे काम धाकटीचं. ती नोकरीला लागून अकरा वर्षं झाली, तिच्यानंतर चौघं लागली, तरी ती धाकटीच. काच हातात कशी धरायची इथपासून मी तिला शिकवलं. ती मला ताई म्हणते, ह्यांना भाऊजी.

ह्यांना मी तिच्याच हवाली केलं. "नीट घे गं," मी म्हटलं, "फार ओरडतात हे."

"भाऊजी मुळीच ओरडले नाहीत," ती नंतर म्हणाली. "किती समजूतदार आहेत."

त्या दिवशी माझ्यापुढे अकरा काचा होत्या. चारशे सतरा नंबरची ठेवली आणि मी खुर्चीत सरसावून बसले. डाळिंबवाले! एका नजरेत सात-आठ, काच सरकवली तर आणखी. काहींचे दाणे फुटून बाहेर सांडलेले. अशी काच वर्षातून एखादी मिळते. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: इओसिनोफिल भरपूर, ॲलर्जी, निःसंशय. शेवटच्या 'इतर' रकान्यात डोळ्यातला जो कचरा दिसला तो सवयीने लिहिला. तो रकाना कुणी वाचत नाही. टायपिस्ट तो टाइपही करत नाही.

संध्याकाळी पट्ट्या निघाल्या, रिपोर्ट टाइप होऊन सहीला आले. चारशे सतरा म्हणजे आमचे हे.

खोटं कशाला सांगू, आधी मला अभिमान वाटला. इतका छान डोळा आपल्या घरातला असेल असं वाटलं नव्हतं. मग आई आठवली. मग मी सही केली. काचेवर जे दिसलं ते लिहायचं, यात मी कधी कुणाची गय केलेली नाही. आईची कशी करणार?

जेवणाच्या टेबलावर रिपोर्ट ठेवला. ह्यांनी तो वाचला आणि मान खाली घातली. "आता गं काय करायचं?" म्हणाले.

आईने कागद मागून घेतला. चष्मा बदलला. दोनदा वाचला.

"ही सही तुझी?"

"हो."

"तू स्वतः बघितलंस? दुसऱ्या कुणी नाही?"

"स्वतः बघितलं, आई."

तिने कागदाची घडी केली. एक, मग दुसरी, मग तिसरी. एवढासा चौकोन झाला तेव्हा तो कनवटीला खोचला आणि मॅनेजरला हाक मारली.

रविवारी दादा गाडी घेऊन आला. ह्यांनी पुन्हा ट्रंक स्वतः उचलली. निरोप देताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवसांत ते कायमच असायचं, त्यामुळे किती धरायचं ते सांगता येत नाही. आई गाडीत बसली, काच वर केली. मॅनेजरने मात्र टोपलीतून शेवटपर्यंत आमच्याकडे बघितलं.

चौथ्या दिवशी ह्यांचे डोळे आरशासारखे स्वच्छ. निदान बरोबर आलं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पाठ थोपटताना हात जरा जड होता, पण थोपटली.

त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्याकडे शिकायला नवे डॉक्टर आले. सहा जण. सूक्ष्मदर्शक मोठ्या पडद्याला जोडून मी त्यांना काचा दाखवायला बसले. जंतूंच्या झाल्या, विषाणूंच्या झाल्या, आणि मग मी राखून ठेवलेली चारशे सतरा काढली.

"ही बघा. ॲलर्जी म्हणजे काय ते आयुष्यभर विसरणार नाही. आणि हा परका डोळा नाही बरं का. आमच्या घरचा आहे. माझ्या मिस्टरांचा."

सगळे हसले. पडद्यावर डाळिंबवाले थव्याने बसलेले. पुढच्या बाकावरच्या डॉक्टरीणबाईंनी मान तिरकी केली.

"मॅडम, ते काळे कण कसले? जंतू आहेत?"

"नाही हो, मस्कारा आहे. बायकांच्या काचांवर निम्म्या वेळा असतो. बघा, चकचकीत आहेत आणि कडा कशा..."

मी थांबले.

"पण मॅडम," त्या म्हणाल्या, "तुम्ही तर मिस्टरांचा म्हणालात."

दोन शक्यता होत्या. पहिली मी अर्धा मिनिट अगदी मनापासून विचारात घेतली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात माणूस काय काय लपवतो, कुणी सांगावं?

मागून एक आवाज आला, "सर लावत असतील तर त्यात वाईट काय आहे, मॅडम?"

"वाईट काहीच नाही," मी म्हटलं. "पण मग माझी बाटली तीन वर्षं पुरली नसती."

वर्ग खो-खो हसला. मीही हसले. पाच मिनिटांची सुट्टी दिली आणि रजिस्टर काढलं. चारशे सतरा. 'इतर' रकान्यात माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईत: मस्काऱ्याचे कण. मी बघितलं होतं. लिहिलंसुद्धा होतं. सगळ्यांना सांगून मी तो नियम घातला होता, की नाव दिसू नये. आणि नाव दिसलं तेव्हा रजिस्टर मिटलेलं होतं.

धाकटी रंगाच्या बरण्या पुसत होती. मी काच तिच्यापुढे धरली. तिने नंबर बघितला आणि बरणी खाली ठेवली.

"ताई, मी सांगणारच होते."

"कधी? मी निवृत्त झाल्यावर?"

"भाऊजींनी सांगितलं होतं, ताई." तिचा आवाज बारीक झाला. "म्हणाले, तुझ्या ताईला आईला दादाकडे पाठवायचंय, पण पोटची मुलगी, तोंडाने कसं म्हणणार? तिला सुटायला एक कागद हवाय, बस. म्हणाले, तिला विचारू नकोस, लाजेल ती."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"तुम्हीच नाही का डबा खाताना रोज... आई पहाटे पाचला रेडिओ लावते, आई गिझर बंद करते, आईने जीव नकोसा केलाय..."

"अगं, ते मी नुसतं बोलत होते!"

"मला काय माहीत, ताई? मी नुसतं ऐकत होते."

आईबद्दल कुरकुर करणं हा मुलीचा जन्मसिद्ध हक्क असतो. त्याची कुणी अंमलबजावणी करायची नसते. पण हे धाकटीला समजावत बसायला मला त्या क्षणी सुचलं नाही.

"कुणाची काच आहे ही?"

"त्याच दिवशी एक बाई आल्या होत्या. दोन्ही डोळ्यांना भयंकर ॲलर्जी. उजवी त्यांच्या नंबरावर लावून दुसऱ्या टेबलावर वाचायला दिली, डावी भाऊजींच्या नंबरावर तुमच्याकडे. त्यांचं औषध बरोबर गेलंय, ताई, तुमची शपथ! रोग्याचं नुकसान मी कसं करीन?"

"आणि ह्यांची खरी काच?"

तिने खण उघडला. मागच्या बाजूला टिश्यू पेपरात गुंडाळलेली एक काच होती. "टाकवली नाही," ती म्हणाली. तेवढं मात्र मी तिला नीट शिकवलं होतं. आमच्या खात्यात माणूस खोटं बोलू शकतो, काच फेकू शकत नाही.

मी ती रंगवली आणि बघितली. डाळिंबवाला एकही नाही. पेशी सोलून निघालेल्या, फुगलेल्या, कडा फाटलेल्या, आणि भोवती पडझड आवरायला धावून आलेल्या पेशींची गर्दी. असा डोळा आम्ही कारखान्यातल्या कामगारांचा बघतो, काहीतरी उडालेलं असतं तेव्हा. आमच्या घरी कारखाना नाही. बाथरूम आहे. आणि डोळे लाल व्हायचे ते आंघोळीनंतर. दुसऱ्या कुणाची बायको हे सांगत आली असती तर तिला मी दारातच विचारलं असतं, साबण कुठला वापरतात?

घरी आले. हे खिडकीच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होते. दार उघडं होतं. आता लावायची गरज नव्हती.

"साबण कुठला वापरत होतात?" मी विचारलं.

"कशासाठी?"

"डोळ्यांसाठी."

पेन थांबलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कपड्यांचा," हे म्हणाले. "अंगाचा लावून बघितला होता आधी. त्याने दुपारपर्यंतसुद्धा टिकत नव्हतं."

हे तीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासायचे. कुणाचं दुकान खरं जळलं आणि कुणी जाळलं हे राखेवरून सांगायचे. त्यामुळे एकदा पकडले गेल्यावर आढेवेढे घेतले नाहीत. कारागिराने कारागिराला सांगावं तसं सगळं सांगितलं.

"इतकी वर्षं जेवताना तुम्हाला पेशींच्या गोष्टी सांगितल्या," मी म्हटलं. "तुमचं लक्ष नसतं असं वाटायचं मला."

"असायचं की. लक्ष होतं म्हणून तर काच बदलावी लागली. नुसत्या साबणावर तू मला एका मिनिटात धरलं असतंस." ह्यात चक्क कौतुक होतं.

"मला सांगायचं होतं ना, की आई नको इथे."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"मी आईंना एका शब्दाने दुखावलं का? सांग तू," हे म्हणाले. "दोनदा ट्रंक उचलली. त्या मानाने गेल्या, स्वतःहून गेल्या. तुला कुणी नाव ठेवलं नाही, मला कुणी ठेवलं नाही. ठेवलंच तर त्या मांजराला, आणि त्याला कळत नाही."

"माझी सही घेतलीत तुम्ही."

"सही खरी होती," हे म्हणाले. "खोटी सही मी कधी चालवून घेतलेली नाही."

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीचा रिपोर्ट तयार केला. चारशे सतरा नंबर चुकून दुसऱ्या काचेवर पडला होता. मूळ काचेत ॲलर्जीची खूण नाही. दाह बाहेरच्या पदार्थाने, बहुधा साबणाने. खाली सही, तारीख, शिक्का. खात्यात मी 'चुकून' असं लिहिलं, कारण 'नवऱ्याने' लिहायला छापील फॉर्मवर जागा नव्हती. आणि तो कागद घेऊन दादाकडे गेले.

दार वहिनीने उघडलं. तिचे दोन्ही डोळे सुजून लाल.

"या," ती म्हणाली, "तुम्हीच बघा आता ही तऱ्हा."

आई गॅलरीत खुर्चीवर होती. शेजारच्या खुर्चीत मॅनेजर, कामात गढलेला.

"आलीस? बस," आई म्हणाली. "बघितलेस का, तुझ्या वहिनीचेही आले. आमच्या मॅनेजरचा पायगुणच तसा."

मी तिला सगळं सांगितलं. मस्कारा, धाकटी, खणातली काच, कपड्यांचा साबण. मला वाटलं होतं, साबणाशी तरी दचकेल.

"साबणाचं मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमच्या बाथरूमची कडी बसत नाही. डोळे आले त्याच्या तिसऱ्याच दिवशी बघितलं मी. जावई आरशापुढे उभे, एका हाताने पापणी ओढलेली, आणि दुसऱ्या हाताने... मला तर कणवच आली. म्हटलं, माणूस इतकं सोसतोय, बोलायचं तरी काय त्याला?"

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"जावयाची चहाडी मुलीकडे करू?" आईने मॅनेजरच्या पाठीवरून हात फिरवला. "म्हटलं, काच तिच्याकडेच जाणार. ती बघेल, तिला कळेल, तिचं ती बोलेल काय ते. म्हणून तर मीच म्हटलं, तपासून घ्या."

गॅलरीखाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"मग तुझा कागद आला," आई म्हणाली. "सही तुझीच का, म्हणून दोनदा विचारलं मी तुला."

"आई, नावावर पट्टी होती. मला नुसता नंबर दिसत होता. मी जे होतं तेच लिहिलं."

"असेल."

"असेल नाही, आहे!" मी दुरुस्तीचा कागद तिच्या हातात दिला. तिने चष्मा बदलून तो वाचला, दोनदा. मग आत जाऊन ट्रंकेतून पहिला कागद आणला आणि दोन्ही शेजारी धरले. तोच छापील फॉर्म, तोच शिक्का, तीच सही.

"दोन्ही तुझेच ना?"

"हो, पण दुसरा खरा आहे."

"पहिलाही तू खराच म्हणून दिला होतास गं," आई म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. "मी कशी ओळखायची? मला पेशी बघता येत नाहीत."

मी म्हटलं, चल घरी. खोली तुझीच आहे, ह्यांना मी सांगितलंय.

"नको. तिथे मी कुणाला नकोशी आहे असं कुणी म्हणतच नाही. फार जड जातं ते."

"इथे मी म्हणते ना!" वहिनी आतून ओरडली. "मांजर बाहेर ठेवा म्हणून रोज तोंडावर म्हणते!"

"ही बघ," आई म्हणाली. "हिचं बरं आहे."

निघताना मी वहिनीला उजेडात उभं केलं आणि तिची खालची पापणी ओढून बघितली. आत सूत निघावं तसा चिकट धागा, पापणीला बारीक फोड. हे साबणाचं काम नव्हतं. मी आईला तसं सांगितलं. हिला खरंच ॲलर्जी दिसतेय, हिचा नमुना घ्यायला हवा.

"घे की," आई म्हणाली. "नाव झाकायला विसरू नकोस."

वहिनीचा नमुना मी स्वतः घेतला, स्वतः रंगवला, काचेवर नाव ठसठशीत लिहिलं आणि नियम मोडून, पट्टी न लावता वाचला. धाकटीला खोलीबाहेर बसवलं होतं. डाळिंबवाले नजरेगणिक पाच-सहा. अस्सल. मस्कारा नाही, काही नाही. मी तिथूनच आईला फोन केला.

"आई, वहिनीचं खरं आहे. मांजराचंच असणार. त्या घरात मांजर आल्यापासूनच सुरू झालंय."

"सही कुणाची?"

"माझी."

"बरं," आई म्हणाली.

दुसरं काही नाही. विश्वास नाही असंसुद्धा म्हणाली नाही. पण आपल्याला ठेवून घेणारी दोन्ही घरं एकाच फॉर्मवर, एकाच सहीने 'जा' म्हणतायत एवढं तिला दिसत होतं, आणि ते दिसायला काही रंगवावं लागत नाही. वहिनीच्या डोळ्यांना मात्र कुणाच्या विश्वासाची गरज नव्हती. ते लाल होत राहिले. दादाने मला बाजूला घेऊन विचारलं, "तूच काहीतरी कर ना गं." मी काय करणार होते, आणखी एक रिपोर्ट?

पुढच्या महिन्यात आईने स्वतःच जागा शोधली. दादाच्या घरापासून तीन रस्ते सोडून, एका निवृत्त नर्सबाईंची माडीवरची खोली. बाईंची एकच अट होती, भाडेकरू घोरणारा नको. मॅनेजर घोरतो, पण ते आईने सांगितलं नाही. सामान हलवताना मी येते म्हटलं तर म्हणाली, "तू कामावर जा. लोकांचे डोळे खोळंबतील."

खात्यात आता पट्टी लावणारा एक आणि त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा असा नवा नियम झालाय. धाकटी दोन वेळा रडली, मी एकदा. ती अजून ताईच म्हणते. मी तिला डब्यातलं देते, पण डबा खाताना बोलत नाही. घरीही जेवताना पेशींचा विषय निघत नाही. हे मधूनच विचारतात, "आज काही विशेष काच?" मी म्हणते, नाही. ह्यांना करमत नाही असं दिसतं.

आईला हलून आठवडा झाल्यावर मी गेले. बरोबर उशीचे दोन अभ्रे आणि मॅनेजरसाठी मासळीचा डबा घेतला होता. जिना अरुंद, कठडा नुकताच रंगवलेला. हात लावू नका अशी पाटी. वर जाऊन कडी वाजवली. आतून रेडिओचा आवाज आला, मग तो बारीक झाला, मग पावलं.

आईने दार उघडलं. चष्म्यातून माझ्याकडे नीट बघितलं आणि दार पूर्ण उघडून बाजूला झाली.

"या," ती म्हणाली. "बसा."

मी मागे वळून बघितलं. जिन्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.